हॅथर्लीबाईंच्या चहादाणीची साक्ष

‘चिनी मातीची चहादाणी, स्टॅफर्डशर. पाहुण्यांना चहा ओतताना मोलकरणीच्या निष्काळजीपणामुळे तोटी तुटली. पुढे चांदीची बसवण्यात आली.’

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे, आणि इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या एका लहानशा संग्रहालयात माझ्यासमोर ठेवलेल्या पुठ्ठ्यावर माझ्याविषयी एवढाच मजकूर आहे. त्यातली माती खरी, स्टॅफर्डशर खरे, चांदीही खरी. उरलेले वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे ठरवायला साक्षीदाराचीही गरज नाही. दिवाणखान्यातला चहा मोलकरीण ओतत नाही. ती तबक आणते, गरम पाण्याचा जग आणते, रिकाम्या बश्या उचलते. पाहुण्यांसमोर चहादाणीची मूठ धरण्याचा मान एकट्या घरच्या बाईचा. हे या परगण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही शिकलेसवरलेले लोक माझ्यासमोर थांबतात, मजकूर वाचतात, समजूतदारपणे मान हलवतात आणि पुढच्या कपाटाकडे वळतात. मोलकरणीने फोडले म्हटले की पुरावा कुणी मागत नाही.

बैलांच्या हाडांची राख मिसळलेल्या मातीतून माझा जन्म झाला. भट्टीतून बाहेर आले तेव्हा उजेडासमोर धरल्यास आतून बोटांची सावली दिसेल इतकी मी नितळ होते. एका बाईने बारीक कुंचल्याने माझ्या पोटावर जांभळी फुले काढली. माझ्या तळाशी नाव आहे ते कारखानदाराचे.

लग्नातला आहेर म्हणून मी हॅथर्लींच्या घरी आले. तिथे माझे फार कौतुक झाले. दररोज चारच्या सुमारास उकळत्या पाण्याने मला आधी आतून ऊब देत आणि ते पाणी फेकून देत. मग माणशी एक चमचा पत्ती, आणि वर एक चमचा खास माझ्या नावाचा. मुरत असताना अंगावर लोकरीचे टोपडे. घरातल्या कित्येक माणसांच्या वाट्याला इतकी माया आली नसेल.

त्याच लग्नाने सून म्हणून आलेल्या सिबिल हॅथर्ली म्हाताऱ्या झाल्या तेव्हा मीही म्हातारी झाले होते. त्यांचे यजमान न्यायदंडाधिकारी होते. ते वारले, पण त्यांच्या निवाड्यांचे जाडजूड खंड घरात राहिले. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. ही गोष्ट घरातल्या दोघींनाच माहीत होती: स्वयंपाक करणाऱ्या गफबाईंना आणि हेस्टर ड्रू या तरुण मोलकरणीला.

“काल मांजर समजून उशीला कुरवाळत बसल्या होत्या,” गफबाई एकदा मला विसळताना म्हणाल्या.

“हळू बोला हो. कान अजून तिखट आहेत त्यांचे,” हेस्टर म्हणाली.

“मग सांगत का नाहीत कुणाला? ओतू दे की दुसऱ्या कुणाला.”

“आणि ती दुसरी मग उठेल होय त्या खुर्चीवरून?”

हेस्टरला ते बरोबर कळले होते. जिच्या हाती चहादाणी, तिचा दिवाणखाना. म्हणून ती पोर रोज प्रत्येक कप ठरलेल्या जागी, त्याचा कान एकाच बाजूला करून मांडत असे. बाई सवयीने ओतत. एक थेंब बाहेर जात नसे, आणि पाहुणे म्हणत, या वयातही काय स्थिर हात आहे!

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या एका जूनमध्ये गावचे पाद्री मिस्टर ऑकेंडन आणि लेडी पॉनफ्रेट चहाला आले होते. काकडीची सँडविचेस संपली होती, स्कोनचे मऊ, गोडसर पाव फिरत होते.

“हॅथर्लीबाई, तुमच्याकडचा स्कोन खाल्ला की माझं रविवारचं प्रवचन आखूड होतं,” पाद्री म्हणाले.

“मग आणखी दोन घ्याच,” लेडी पॉनफ्रेट म्हणाल्या. “आणि ऐकलंत का? नव्या डॉक्टरांची बायको कपात आधी दूध घालते म्हणे.”

“बिचारी! शिकेल हळूहळू,” हॅथर्लीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला उचलले.

त्याच क्षणी, बाईंना हात लांब करावा लागू नये म्हणून, लेडी पॉनफ्रेट यांनी आपला कप जरा पुढे सरकवला. शिष्टाचाराला धरूनच होते ते. कप नेहमी जिथे असे तिथेच बाईंनी ओतले. चहा मेजपोसावरून लेडींच्या रेशमी मांडीवर गेला. त्या किंचाळल्या, बाई दचकल्या, आणि माझी तोटी चांदीच्या साखरदाणीवर आपटून तुटली. हेस्टर तेव्हा दाराशी गरम पाण्याचा जग घेऊन उभी होती.

मित्रांनो, आता जे घडले ते नीट ऐका, कारण ते फक्त सुसंस्कृत माणसांनाच जमते. घरच्या बाईची फजिती पाहुण्याने पाहायची नसते, असा तिथला रिवाज. लेडी पॉनफ्रेट मांडीवर रुमाल दाबून खिडकीबाहेर पाहू लागल्या.

“यंदा गुलाब काय सुरेख आलेत!”

“पाऊस वेळेवर झाला ना,” पाद्री म्हणाले.

चहा गालिच्यावर ठिबकत होता. बाईंनी मान वळवली आणि त्या दाराच्या दिशेने बोलल्या, “हेस्टर! किती वेळा सांगितलं तुला, सांभाळून म्हणून!”

“मी, बाईसाहेब?”

तिने पाद्रींकडे पाहिले. सत्य बोला म्हणून दर रविवारी बजावणाऱ्या त्या गृहस्थांनी स्कोनवर मुरंबा पसरायला घेतला.

“हल्लीच्या मुली!” लेडी पॉनफ्रेट उसासा टाकून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हेस्टरला काढले. जुन्या मालकिणीने चांगला शब्द टाकल्याशिवाय कुठल्याही घरात नव्या मोलकरणीला उंबरा ओलांडू देत नसत. आणि बाईंनी शब्द टाकला नाही. मला मात्र जपून शहरात धाडण्यात आले आणि चांदीची तोटी बसवून परत आणण्यात आले. दोघींपैकी दुरुस्त करण्याच्या लायकीची कोण, याचा निवाडा त्या घरात झालेला होता.

पुढे मला कुणी वापरले नाही. दंडाधिकाऱ्यांच्या खंडांशेजारी मी वर्षानुवर्षे धूळ खात पडले. कितीतरी निवाडे त्या पानांत होते, बचावात एक शब्दही न ऐकता दिलेले! हेस्टर वुल्व्हरहॅम्प्टनला कुलपांच्या कारखान्यात लागली, असे गफबाई एकदा म्हणाल्या. त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही. बाई वारल्या, घर विकले, आणि घरात सांगितली जाणारी हकिगत माझ्याबरोबर संग्रहालयात आली.

माझ्यासारख्या वस्तू बहुधा शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. मला लागते त्याहून जास्त जपले गेले आहे. माझी विनंती इतकीच: चारचौघांत कुणावर खोटा आळ आला, तर तुम्ही गुलाबांकडे पाहू नका. सौजन्य ही चांगली गोष्ट आहे. पण ते कुणाच्या जिवावर चालले आहे, हे बघत जा.

शेवटचा पुरावा मी मुद्दाम मागे ठेवला होता. चांदीची तोटी बसवून मी परतले त्या सुमारास हेस्टर एका दुपारी नोकरांचे मागचे दार सोडून पुढच्या दाराने आत आली. तीन घरांनी तिला नाकारले होते. बाई एकट्याच होत्या, मी मेजावर होते. “मला परत ठेवू नका,” ती म्हणाली, “फक्त पाद्रीसाहेबांना खरं काय ते सांगा. त्यांच्या एका शब्दावर मला काम मिळेल.” बाई मग जे बोलल्या ते अक्षरशः असे:

“तू नव्हतीस, हेस्टर. मीच ओतला, मला कप दिसलाच नाही. पण पाद्रींना मी काय नवीन सांगणार? ते बघत होते. लेडी पॉनफ्रेटही बघत होत्या. तुझं नाव घेतल्यावर मी थांबले होते गं, कुणीतरी ‘नाही’ म्हणेल म्हणून. एकानं जरी म्हटलं असतं ना, तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं.”