डेन्झिलची तांब्याची नाणी

माझा नवरा डेन्झिल मार्चमध्ये गेला. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. मी घर आवरायला घेतलं.

नाणी शेवटी घेतली. आमच्याकडे कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा सरकारी टांकसाळ नव्हती, खाजगी लोकच सोन्याची नाणी पाडायचे. पुढे ती वितळवली गेली. पण कुणाच्या कोठारात जुने ठसे निघाले, की हौशी मंडळी त्याच ठशांनी तांब्यात नाणी पाडून घ्यायची. डेन्झिलला वेड त्या तांब्याचं. सोनं परवडत नाही म्हणून, असं मी चारचौघांत म्हणायचे. तो हसायचा.

अकरा नाणी, अकरा कळकट कागदी पाकिटं, वर पेन्सिलीचं गिचमिड. मी नाणी नव्या पारदर्शक डब्यांत बसवली आणि पाकिटं शेगडीत टाकली. काम झालं, एवढंच वाटलं.

रविवारी नाणेमंडळाचा चिटणीस ऑरिन पास्को आला. वाचनालयातल्या काचेच्या कपाटात डेन्झिलच्या नावानं ही नाणी लागायची होती. मरताना त्यानं तेवढंच मागितलं होतं. मी ऑरिनला पेस्टी, म्हणजे आमची खिमा-बटाट्याची भाजलेली करंजी, वाढली.

"पाकिटं कुठायत, लविनिया?"

"जाळली. घाण होती."

त्यानं हातातली पेस्टी खाली ठेवली. ऑरिन मेला तरी घास खाली ठेवायचा नाही.

"अगं बाई, कुठल्या ठशाचं, कुणी पाडलं, कुणाकडून आलं, सगळं पाकिटावरच तर असतं. आता जुन्या ठशाचं कुठलं आणि मागाहून केलेली नक्कल कुठली, कुणी ओळखायचं?"

"म्हणजे कपाटात नाही लावणार?"

"अशीच कशी लावू?" मग त्यानं वही काढली. "थांब. तू आहेस की. घरच्या माणसाचा शब्द मंडळाला चालतो. आठवेल ते सांग, मी लिहितो. हे पहिलं कुणाकडून आणलं?"

मी नाणं हातात घेतलं. एका बाजूला गरुड होता. एक्केचाळीस वर्षं रोज रात्री जेवताना डेन्झिल मला हेच सांगत आला, हातवारे करून. त्याचे ओठ हलताना दिसले, मिशीतला पेस्टीचा चुरा दिसला. शब्द एकही नाही. मी तेव्हा "हं" म्हणायचे आणि मोरीतल्या भांड्यांचा विचार करायचे.

"बरं, एखाद्याचं तरी सांग," ऑरिन म्हणाला.

मी अकराही नाणी ओळीनं उचलून पाहिली. मग त्याला म्हणाले, वही मीट.