आबांसाठी लिहिणारा फोन

मी एक जुना मोबाइल आहे. अगदी भंगारात निघालेला नाही, पण डाव्या कोपऱ्यात तडा, पाठीवर चिकटपट्टी, आणि चार्जरची वायर एका ठरावीक बाजूला वाकवून धरली तरच पोटात काही जाणार. हसू नका, मित्रांनो. माझा एखादा भाऊबंद तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात पडलेला असेल.

मी डोळे उघडले ते उल्हासनगरच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. मोरिवलीच्या दिपेशने मला पसंत केलं. शेठ म्हणाला, "ले जाओ भाई, पाच साल देखना नहीं पडेगा." घरी पोचलो तर दिपेशची बायको मीनल ओवाळायला ताट घेऊन दारात उभी. खोटं नाही सांगत! कुंकू माझ्या कॅमेऱ्यालाच लागलं आणि आठवडाभर सगळे फोटो लालसर आले.

चार वर्षं मी मरमर राबलो. शिफ्टचे निरोप, शाळेचे निरोप, लग्नांचे फोटो, आणि रोज सकाळी शंभर जणांचं सुप्रभात. मग हळू झालो. त्यावर दिपेशने काय करावं? फोनचा वेग वाढवतो म्हणणारं एक अॅप टाकलं. मग बॅटरी वाचवणारं. मग कचरा साफ करणारं. अरे देवा! तीन-तीन पहारेकरी छातीवर बसवायचे आणि वर म्हणायचं, पळ. मी पार गळाठलो. "डबा झालाय हा," असं म्हणून दिपेशने नवा फोन आणला आणि मला टीव्हीखालच्या खणात टाकलं. त्या 'डबा' शब्दाचा मला अजून राग येतो.

दोन वर्षांनी खण उघडला तो राजसीने. ही दिपेशची मुलगी, नववीतली. तिला आजोबांसाठी फोन हवा होता.

आजोबांचं नाव जयदेव, पण घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आजी आता हयात नाही. गावाला लागूनच असलेल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या प्रेसवर काढली. कानात कापसाचे बोळे घालायचे, की झालं. निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान गेले. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर त्यात नुसती खरखर. अकरा वर्षं आबांना घरातला एक शब्द ऐकू आला नव्हता.

त्या अकरा वर्षांत घराला एक सवय लागली होती. आबांच्या देखत काहीही बोलायचं. भांडणं असोत, कोणाची उणीदुणी असोत, नाहीतर खुद्द आबांविषयी असो, आवाज खाली करायची कोणाला गरजच वाटत नसे.

राजसीने आधी ते तीन पहारेकरी हाकलले. मग गेम, खरेदीची अॅपं, जुने व्हिडिओ पुसले. काही अॅपांची जुन्या फोनसाठी हलकी आवृत्ती असते, ती शोधून टाकली. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून भिंगाचं अॅप दिलं. आणि शेवटी ते अॅप, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. समोरचा माणूस बोलेल ते पडद्यावर लिहून दाखवणारं. अक्षरं तिने एवढी मोठी केली की एका ओळीत दोन-तीनच शब्द मावत. मला पुन्हा नवं झाल्यासारखं वाटलं.

ओटीवर तिने मला आबांच्या हातात दिलं.

"काय गो बाय, ह्यात काय बघू मी?"

"आबा, चहा ठेवू का?" राजसी म्हणाली. मी लिहिलं.

आबांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. "हे तू आता बोललीस?" तिने मान हलवली. आबा हसायला लागले आणि हसता हसता टॉवेलने डोळे पुसायला लागले. मित्रांनो, एवढ्या लग्नांचे फोटो काढले मी, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता.

आठ दिवस आबांनी मला खिशातून काढून काढून सगळ्यांपुढे धरलं. शेजारच्या बनूबाईंनी विचारलं, "भावजी, गुडघा कसा आहे?" तर आबांनी अर्धा तास फक्त गुडघ्याचं सांगितलं. घरी येऊन म्हणाले, "आता मला पण सांगत जा, घरात काय चाललंय ते. मी पण आहे ना घरात." दिपेशने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. "भारी काम केलंस राजसी," म्हणाला. सगळ्यांना ठाऊक होतं मी काय करतो ते. पण अकरा वर्षांची सवय आठ दिवसांत जाते होय?

रविवारी दुपारी राजसीला क्लास होता. निघताना तिने मला आबांच्या ताटासमोर तांब्याला टेकवून ठेवलं. बोंबलाचं कालवण होतं. दिपेश आणि मीनल बदलापूरच्या नव्या फ्लॅटविषयी बोलत होते.

"आबांची खाट कुठे मावणार तिथे?" मीनल म्हणाली.

दिपेश भात कालवत होता. त्याने मान वर केली नाही. "बघू. खरं सांगू? आईच्या जागी हे गेले असते ना, तर एवढं टेन्शनच नव्हतं. आई घर तरी सांभाळायची."

"हो ना," मीनल म्हणाली आणि तिने त्याला कालवण वाढलं.

मला थांबता आलं असतं तर! पण मला निवडता येत नाही. जे कानावर पडतं ते लिहायचं, एवढंच मला येतं. मी ओळ ओळ लिहीत गेलो, राजसीने केलेल्या त्या मोठ्या अक्षरांत. आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग घास खाल्ला. मग ताटातलं सगळं संपवलं.

"कालवण चांगला झालाय," आबा म्हणाले.

चार वाजता राजसी धावतच आली. "आबा, काय काय बोलले सगळे?"

आबांनी माझ्याकडे न बघता मला तिच्या हातात दिलं. ती काय विचारणार हे त्यांना माहीत होतं. "बिघडलाय ह्यो. काय लिहीत नाय. ठेवून दे."

ती मला घेऊन आत आली. "हॅलो," म्हणाली. मी हॅलो लिहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ह्या अॅपमध्ये लिहिलेलं तीन दिवस तसंच राहतं, हे तिला माहीत होतं. तिने बोटाने वर सरकवलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं.

दिपेश सोफ्यावर मॅच बघत होता. तिने मला त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"हे कोणी लिहिलं?" दिपेश म्हणाला.

"तुम्ही बोललात, पप्पा. आबांसमोर."

तेही मी लिहिलं, खालोखाल. टीव्ही तसाच सोडून दिपेश ओटीवर गेला, आबांच्या पायाशी बसला आणि मला दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

"आबा, माझं चुकलं. मला तसं नव्हतं म्हणायचं. तोंडातून गेलं. आबा, वाचा ना."

मी सगळं लिहिलं. एकही शब्द गाळला नाही. आबांनी पडद्यावरचा पहिला शब्द पाहिला, आणि डोळे मिटून घेतले. दिपेश रडत रडत बोलत राहिला, मी लिहीत राहिलो, आणि आबा तसेच डोळे मिटून बसून राहिले.

मित्रांनो, जुन्या फोनची काळजी घ्या, फालतू अॅप काढा, बॅटरी बदलून घ्या, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते कराच. पण तुमच्या घरात कोणाला ऐकू येत नसेल, तर त्याच्यासमोर बसून त्याच्याशी बोला. त्याच्याविषयी बोलू नका. हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं.

राजसी अजून रोज सकाळी मला चार्ज करते आणि आबांच्या शेजारी आणून ठेवते. आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. ती शाळेत गेली की मला उचलून पालथा ठेवतात.