कोऱ्या चिठ्ठ्या

पॅकिंग विभागात तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे, आणि सुपरवायझरला तर या बाईनं पार जेरीस आणलं होतं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, तर ही एकोणतिसाव्या मिनिटाला हातमोजे घालून उभी. बरं, चूक काढावी तर चूक सापडायची नाही. वैताग होता तो हाच.

सोमवारी पट्ट्यावरून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या चालल्या होत्या. मोठ्यांच्या औषधावर लहान मुलांचं लेबल लागतंय हे फूटपट्टीनं पाहिलं आणि लाल बटण दाबून पट्टा थांबवला. केलं ते शंभर टक्के बरोबर. पण सुपरवायझरच्या लेखी परवानगीशिवाय पट्टा थांबवला तर थेट घरी, असा कंपनीचा नियम. आता दर वेळी सुपरवायझरला शोधत फिरलं तर काम व्हायचं कधी? म्हणून तो रोज सकाळी दहाबारा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकून खणात ठेवायचा. लागेल त्यानं घ्यावी, वेळ आणि कारण लिहावं, मोकळं व्हावं. अकरा वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

फूटपट्टीनं खणाला हात लावला नाही. रजिस्टरात लिहून ठेवलं: सव्वाअकरा, पट्टा बंद केला, सुपरवायझर जागेवर नव्हते.

नव्हताच तो. गच्चीवर मेहुण्याशी फोनवर हुज्जत घालत होता. कामाची जागा सोडणं हेही नियमपुस्तकात बडतर्फीच्याच पानावर, त्यामुळे मॅनेजरनं विचारल्यावर तो घाईघाईत बोलून बसला की मी तिथंच होतो. झालं, म्हणजे हिनं परवानगी मागितलीच नाही असं ठरलं आणि बुधवारी तिची चौकशी लागली.

तिच्या घरात कमावणारी ती एकटी. हे आठवून सुपरवायझरची दोन दिवस झोप उडाली. शेवटी त्यानं स्वतःच एक चिठ्ठी भरली आणि तिला बाजूला घेऊन समजावलं की चिठ्ठी होती, रजिस्टरात घाईत चुकीचं लिहिलं, एवढंच म्हणा, दोघंही सुटू. तिनं घड्याळ पाहिलं आणि हातमोजे चढवून कामाला लागली. त्यानं तो होकार धरला, हा त्याचा मूर्खपणा.

चौकशीत मॅनेजरनं सुपरवायझरनं दिलेली ती चिठ्ठी पुढे केली. फूटपट्टीनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"अक्षर माझं नाही," ती म्हणाली. "आणि सोमवारी मला कुणी चिठ्ठी दिली नाही."

सुपरवायझरनं कपाळावर हात मारून घेतला. मग परवानगी नव्हतीच, असं म्हणत मॅनेजरनं बडतर्फीचा कागद तिच्याकडे सरकवला. तिनं पेन उघडलं.

"तारीख आजचीच लिहू ना?"

आता मात्र सुपरवायझरचं डोकंच फिरलं.

"अहो बाई, जन्मात एकदा तरी खोटं बोलायचं होतं!" तो ओरडला आणि मॅनेजरकडे वळला. "ठेवा तो कागद. मी गच्चीवर होतो. चिठ्ठी मी भरली. खणात अजून नऊ कोऱ्या आहेत, बघून या."

परवानगी द्यायला सुपरवायझरच जागेवर नव्हता म्हणून ती सुटली, आणि तासाभरात त्याच कागदावर त्याचं नाव आलं. डबा, चपला, खुंटीवरचा जुना कोट, सगळं पिशवीत कोंबून तो तणतणत फाटकाशी पोचला, तर मागून फूटपट्टी धावत आली. आता आभारबिभार मानणार म्हणून तो अवघडून थांबला.

"साहेब, बाहेर जायच्या रजिस्टरात वेळ लिहायची राहिली."

त्यानं दातओठ खात पेन घेतलं. म्हणाला, चार लिहितो.

"तीन अठ्ठावन्न," ती म्हणाली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते, तरी घड्याळ तिनं नीट पाहिलं होतं.

त्यानं मुकाट्यानं तीन अठ्ठावन्न लिहिलं आणि खाली सही केली.