काटा उतरताना

मिरचीचं बी. चपटं, पिवळसर, कडेला जरासं मुरडलेलं, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर नेमकं चौकटच्या नव्वीच्या आकड्याला खालून चिकटलेलं. त्यामुळे नवाचा आठ झाला होता आणि लुबेन क्षणभर दचकलाच, की त्या डावात आपल्या हातात दोन नव्व्या होत्या की एक नव्वी आणि एक अठ्ठी... त्यानं नखानं बी उडवलं. पुन्हा नव्वी. दोन नव्व्या. ठीक.

बिया आज घरभर होत्या. साखरेत, चपलांत, तीन वर्षं न घातलेल्या कोटाच्या खिशात. गॅलरीत बिल्याना उजाडल्यापासून मिरच्या भाजत होती. त्या लांबट, लाल, गोड मिरच्या, विजेच्या बुटक्या भट्टीत एकेक सोडायची, काळी झाली की काढायची, सोलायची. ती एकटीच नव्हे, रूसे शहरातली ही अख्खी वसाहतच प्रत्येक गॅलरीतून मिरच्या भाजत होती. सप्टेंबरात डॅन्यूब नदीवरचे पक्षी या इमारतींवरून उडताना खोकतात असं बिल्यानाचे वडील, स्त्राहिलकाका, शपथेवर सांगतात. आणि खोटं कशाला बोलू, एक बगळा खोकताना लुबेननंही ऐकला होता.

पडद्यावर दोब्रोमिर बोलत होता. दोब्रोमिर म्हणजे पोकरचा मास्तर. त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, नुसता आवाज, औषधाच्या दुकानातल्या माणसानं जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगावं तसा शांत. तीन वर्षं लुबेन हा आवाज ऐकत होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर नळांचे नकाशे काढायचे आणि उरलेल्या वेळात या आवाजाकडून शिकायचं, की समोरचा थाप मारतोय हे ओळखायचं कसं आणि आपली थाप ओळखू द्यायची नाही कशी. आजच्या धड्यात तर त्याचाच डाव होता, त्यानंच चिरफाडीसाठी पाठवलेला. हातात दोन नव्व्या, शेवटचं पान उघडलंय, आणि समोरच्यानं होते नव्हते ते सगळे पैसे पुढं सरकवलेत. आव्हान स्वीकारायचं की पानं टाकायची?

"डावाचं गणित मांडणारं यंत्र काय म्हणतं बघा," दोब्रोमिर सांगत होता, "शंभरात चाळीस वेळा स्वीकारा, साठ वेळा टाका. एकेका वेळी स्वीकारलं काय, टाकलं काय, फायदा-तोटा सारखाच. मग ही आत्ताची वेळ चाळिसांतली की साठांतली? मनाला विचाराल तर मन हरल्यावर चिडून स्वीकारतं आणि जिंकल्यावर भिऊन टाकतं. म्हणून मनाला विचारायचंच नाही, मित्रांनो. घड्याळाला विचारायचं. सेकंदकाटा चोविसाच्या आत असेल तर स्वीकारा, पलीकडे असेल तर टाका. जे तुम्हालाच आधी माहीत नाही, ते समोरच्याला कुठून कळणार?"

लुबेननं मान डोलावली. हे त्याला पाठ होतं. हे त्याला फार आवडायचं. या एका युक्तीनं त्याच्या छातीवरचा केवढा तरी दगड उतरला होता...

"माझी बायको विचारते, रात्रीला सूप करू की भात? मी घड्याळ बघतो!" दोब्रोमिर म्हणाला. "वीस वर्षं झाली, बिचारीला माझी आवड कळलेली नाही!"

धड्यातले विद्यार्थी हसले. लुबेनही हसला, आणि त्याचं हसू मध्येच थांबलं, दात बाहेरच राहिले, जसा एखादा माणूस दार उघडं टाकून निघून जावा.

मंगळवार.

मंगळवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता आणि बिल्याना, पडदे बदलूया का असं विचारावं तशी, म्हणाली होती, "लग्न करून टाकूया का रे आपण?" आणि तो... त्यानं... फ्रिजच्या वर गोल घड्याळ, लाल सेकंदकाटा, बारावरून खाली उतरणारा, दोनच्या आसपास... "करूया," तो म्हणाला होता.

मी वर बघितलं?

हो. बघितलं. मान वर गेली, काटा दिसला, तोंडानं शब्द काढला. सात वर्षं एका छपराखाली काढल्यावर, इतका विचार, इतकी टाळाटाळ, तिच्या वडिलांचे इतके टोमणे झाल्यावर... एक लाल काटा. चहा की कॉफी, नदीकडून जायचं की बाजारातून, आईचा फोन आत्ता घ्यायचा की नंतर, हे सगळं तो कधीपासून तिकडेच सोपवत आला होता. घरातल्या गोष्टींना चाळीस-साठ कुठला लावायचा, म्हणून सरळ निम्मं-निम्मं. काटा बारावरून उतरत असेल तर हो, सहावरून चढत असेल तर नाही. पण चहा वेगळा आणि... काटा आठवर असता तर? तर ह्याच तोंडानं, हाच बटाटा हातात धरून, "नको, कशाला" असं म्हणालो असतो, आणि रात्री शांत झोपलो असतो. बिल्याना नसती. म्हणजे असती, पण तिच्या डोळ्यांतलं काहीतरी कायमचं विझलं असतं आणि मी वाटीतलं कालवण पुसून खात बसलो असतो.  त्याची छाती अशी ठोकायला लागली की खालच्या मजल्यावरची बाई आता झाडूच्या दांड्यानं छत ठोकणार असं त्याला वाटलं.

दार ढकललं गेलं. मिरच्यांचं खोकं आधी आत आलं, मागून स्त्राहिलकाका.

"जावईबापू! अजून शाळा सुटली नाही वाटतं?" त्यांनी खोकं दाणकन खाली ठेवलं. "पत्ते शिकायला माणूस मास्तर लावतो हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बघतोय. आमच्या गावात ज्याला पत्ते यायचे नाहीत, त्याला शाळेत घालायचे!"

"काका, एवढ्या मिरच्या..."

"एवढ्या? अरे, वऱ्हाडाला पुरायला नकोत? अख्खा गाव येतोय. माझं गाढव तेवढं अजून ठरवतंय." ते जवळ आले, लुबेनच्या खांद्यावर त्यांनी तो फावड्यासारखा पंजा ठेवला, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी मंगळवारी फोनवर रडली रे. आनंदानं. लहानपणी दात पडला तेव्हासुद्धा रडली नव्हती ती." मग नाक ओढून, "लिफ्ट बंद आहे तुमची. मेलो मी. अजून दोन खोकी आहेत खाली. नको, तू बस, अभ्यास कर, नापास होशील!" असं म्हणत ते जिना उतरायला लागले.

आनंदानं रडली. लुबेनला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं आलेली मिठाई उघडून खाल्ली आहे. तो उठला. सांगायलाच हवं. सांगायचं काय पण? मी तुला हो म्हणालो नाही, घड्याळ म्हणालं? आणि मी काय म्हणालो असतो ते मला... इथं येऊन त्याचा विचार दरवेळी कड्याच्या टोकावर थांबत होता. मला काय हवं होतं? तो आत बघत होता आणि आत कुणीच नव्हतं, रिकाम्या वर्गात फळा असावा तसं.

गॅलरीत धूर होता. बिल्याना स्टुलावर बसून मिरची सोलत होती. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते; काळं साल ती अशा नाजूक हातानं काढत होती की मिरचीला कळूही नये.

"बिल्याना."

"तिथूनच बोल. वास लागेल, मग डोकं दुखलं म्हणून पडून राहशील."

"मंगळवारी तू मला... स्वयंपाकघरात... ते विचारलंस ना, तेव्हा मी..."

"दोनवर होता," ती म्हणाली.

"काय?"

"काटा. दोनवर. जरा पुढंच."

लुबेननं गॅलरीचा कठडा धरला.

"सहा महिने झाले मला कळून," ती मिरचीकडेच बघत म्हणाली. "तूच नाही का शिकवलंस? तुला सरावाला कुणी नव्हतं म्हणून मला समोर बसवायचास, चाळीस-साठ समजावायचास. मग एक दिवस चहा की कॉफी विचारलं तर तुझी मान वर. दुसऱ्या दिवशी परत वर. कोंबडी पाणी प्यायली की मान वर करते ना, तश्शी. काटा उतरत असला की हो, चढत असला की नाही. आठवड्यात कळलं."

"म्हणजे तू... बघून विचारलंस?"

"मग काय, न बघता विचारू? दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा आठवर होता, एकदा दहाच्या पुढं. दुसऱ्या वेळी तर शब्द ओठावर आला होता, म्हणून मीठ कुठंय विचारलं."

मीठ. मिठाची बरणी तेव्हा तिच्याच हातात होती. त्याला आठवलं, तो हसलाही होता. म्हणजे दैव नव्हतंच. मघापासून तो ज्या आंधळ्या काट्याच्या नावानं गार पडला होता, त्या काट्यामागं दोन डोळे होते. जे तुम्हालाच माहीत नाही, ते समोरच्याला कुठून कळणार? सहा महिने त्याच्या डोक्याच्या अंधाऱ्या घरात एक बाई अनवाणी हिंडत होती, एकही खुर्ची न हलवता, आणि तो मात्र दूरदूरच्या देशांतल्या अनोळखी माणसांच्या थापा मोजत बसला होता. राग यायला हवा होता. तो रागाची वाट बघत उभा राहिला. राग येईना.

बिल्यानानं मिरची खाली ठेवली. बोटं काळी, डोळे धुरानं की कशानं लाल.

"मला वाटलं मी जिंकले," ती म्हणाली. "बाबांना फोन केला तेव्हा रडू आलं, आनंदानंच. आणि रात्री तू घोरायला लागलास तसं वाटलं, मी ह्याच्या खिशातून काढलंय हे. तेव्हापासून झोप नाही मला. बाबा गावभर सांगून बसले आणि मी इथं चोरीचा होकार घेऊन मिरच्या सोलतेय."

"अगं, पण..."

"थांब. बाबा वर यायच्या आत सांग. नको असेल तर मी सांगते त्यांना, माझंच मन फिरलं म्हणून. तुझ्यावर येऊ देणार नाही. पण एकदा ते आत आले आणि परत जावईबापू म्हणाले, तर माझ्यानं होणार नाही ते."

आणि त्याची मान, त्याला न विचारता, वर गेली... गॅलरीच्या दारातून आत, फ्रिजच्या वर. तिथं एक खिळा होता आणि भिंतीवर फिकट गोल डाग.

"सकाळीच काढलं," बिल्याना म्हणाली. तिनं हे टोमण्यासारखं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

जिन्यात खालच्या मजल्यावर पावलं वाजली. कुणाशी तरी स्त्राहिलकाका लिफ्टवरून भांडत होते, मोठ्यानं, मजेत. लुबेननं बिल्यानाच्या चेहऱ्याकडे बघितलं. खरंच सांगेल का ही वडिलांना, माझं मन फिरलं म्हणून? की... तीन वर्षं शिकलेलं सगळं त्यानं त्या चेहऱ्यावर लावून पाहिलं आणि त्याला एक अक्षर वाचता आलं नाही. काळी बोटं, कपाळाला चिकटलेला एक केस, आणि ती थांबलेली. ती किती वेळ थांबेल? आत्ता, ह्या श्वासाला, ती "राहू दे" म्हणेल, उठेल, हात पुसेल... हे मनात आलं मात्र, तो एकदम घाबरला आणि त्यानं कठडा पुन्हा घट्ट धरला. लहानपणी नदीत उभं असताना पायाखालचा गाळ अचानक सरकला होता, तेव्हा असं झालं होतं. ही भीती म्हणजे होकार का? की नुसती हरायची भीती, जी पत्त्यांतही वाटते, जी कुणालाही वाटते? त्याला ठरवता येईना. पावलं वर येत होती. पण निम्मं हो आणि निम्मं नाही, असे भाग आज त्याच्या मनात पडतच नव्हते. ती भीती सगळीच्या सगळी होती, पायाच्या नखापासून घशापर्यंत, आणि तोंड उघडताना त्यातून काय बाहेर येणार आहे हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.