आतली कडी

"दरवाजा किसने तोडा, भागीरथा? त्यांनी, की तू?"

चंद्रकुमारनं हे हसत विचारलं असतं तर भागीरथाही हसली असती. पण फोनवरचा त्याचा आवाज कोरडा होता. नवेगावबांधच्या रस्त्यावरच्या त्याच्या बंगल्यात ती ओटा पुसत होती. हातातला फडका तसाच राहिला.

"मी कायले तोडीन, सेठजी?"

"मला माहीत आहे. पण त्या पोराने नेट पे लिख दिया ना. म्हणे इथली बाई स्वतःच तोडफोड करते, फोटो काढते, अन् मालक डिपॉझिट दाबून बसतो. दोन बुकिंग कॅन्सल झाले. असंच चाललं तर मला नागपूरच्या एजन्सीचा माणूस ठेवावा लागेल. फिर मत बोलना, सांगितलं नाही."

चंद्रकुमारचं गोंदियात टाइल्सचं दुकान होतं. तलावापासून जवळ बांधलेला हा बंगला तो जंगल पाहायला येणाऱ्यांना भाड्यानं देई. पाहुण्यांकडून आधीच तीन हजारांचं डिपॉझिट घेतलेलं असे. ते गेले की भागीरथा खोल्या पाहायची, काही फुटलं-तुटलं असलं तर फोटो पाठवायची, आणि किती कापायचं ते चंद्रकुमार ठरवायचा. बहुतेक वेळा काही नसेच. फार तर एखादा ग्लास, एकदा पडद्याची दांडी. या खेपेला मात्र बाथरूमच्या दाराची कडी स्क्रूंसकट उपटून आली होती आणि चौकटीला उभी चीर गेली होती.

राहायला आलं होतं एक म्हातारं जोडपं. गोंदियाजवळच्या फुलचूरचं. बुकिंग केलं होतं त्यांच्या मुलानं, रोशननं, पुण्याहून. चंद्रकुमारनं त्याला दाराचा फोटो पाठवून डिपॉझिट अडवलं, त्यानं आईला विचारलं, आणि आईनं सांगितलं की कडी आम्ही तिथं पोचलो तेव्हाच तुटलेली होती.

"ते यायच्या आधी सकाळीच म्या बाथरूम धुतलं होतं. कडी सई होती," भागीरथा म्हणाली.

"तो फिर बुढिया झूठ बोल रही?"

फोन बंद झाल्यावर ती तशीच ओल्या हातानं बाथरूमपाशी गेली आणि दाराकडे पाहत राहिली.

नवरा गेल्यानंतर तिनं हे काम धरलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मुलगी साक्षी लग्न होऊन देवरीकडे गेली. भागीरथा एकटीच बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायची. पाहुण्यांशी तिचं बोलणं किल्ली देण्याघेण्यापुरतं. पण ते गेल्यावर खोली झाडताना तिला त्यांच्याबद्दल पुष्कळ कळायचं. कोणी दोघं हसत आलेले असत आणि एकाची चादर बाहेर सोफ्यावर सापडे. कोणी पोरांवर दिवसभर डाफरत, आणि पलंगाखाली त्याच पोरांसाठी कागदाच्या होड्या करून ठेवलेल्या असत. हे ती कोणाला सांगत नसे. चंद्रकुमार एकच विचारायचा, काय तुटलं. त्यापलीकडचं तिच्याजवळच राही. कधी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती एखाद्या बाईचा विचार करत राही, जिचं नावही तिला माहीत नसे.

त्या म्हाताऱ्या जोडप्याची खोली तिला तेव्हाच कोड्यात टाकून गेली होती. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टांगलेला होता. नुसता टांगलेला नाही. दोन्ही टोकं खिळ्यांना नीट बांधून आरसा पुरता झाकलेला. तिनं तो सोडला आणि धुवायला टाकला. आता ती परत दाराकडे वळली. कडी आतल्या बाजूची, आणि दाराला बाहेरून ठेचल्याच्या खुणा. म्हणजे कोणीतरी आत होतं, कडी लावून. आणि कोणीतरी बाहेरून दार फोडलं.

दोनच माणसं. एकानं कडी लावली, दुसऱ्यानं तोडली. मग खोटं कशाला? तीन हजारांसाठी? ती बाई तशी वाटली नव्हती. येताना जयभीम करून आत आली, जाताना भागीरथाच्या हातात बळंच लाडवांचा डबा देऊन गेली. तशा बाईनं आपल्यावर आळ येऊ द्यावा, हे भागीरथाला लागलं होतं. पण त्याहून जास्त तिला हे कळून घ्यायचं होतं की काऊन, का केलं तिनं असं.

रजिस्टरमध्ये त्या बाईंचा, सुशिलाबाईंचा, नंबर होता. तिनं फोन लावला.

"मी भागीरथा बोलून राहिली. नवेगावहून."

पलीकडून सुशिलाबाई बोलल्या, हलक्या आवाजात, "ताई, मी नंतर करतो." आणि फोन बंद. नंतर तो आलाच नाही.

शनिवारी बंगला रिकामा होता. भागीरथानं किल्ली शेजारच्या दुकानात ठेवली आणि गोंदियाची एसटी धरली.

फुलचूरला घर सापडायला वेळ लागला नाही. रजिस्टरमधलं नाव सांगितलं, तर कालव्यावरचे ते नहरवाले बाबूजी, असं पोरंही सांगत होती. निळं, एकमजली घर, दारात पेरूचं झाड. दार म्हाताऱ्यानंच उघडलं. शालीकराम. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लुंगी, चेहऱ्यावर ओळखीचं हसू.

"या, या. केव्हा निघाली कॅम्पावरून?"

भागीरथा गोंधळली. "सकाळी."

"पानी पोचलं का धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत? मधले लोक नहर फोडून घेतेत. तिथं मानूस ठेवा लागते."

ते तिच्याकडे असे पाहत होते की जणू साऱ्या गावाचं धान तिच्या उत्तरावर उभं आहे. भागीरथा म्हणाली, "पोचलं, बाबूजी."

"पोचलं," ते समाधानानं म्हणाले आणि बाजूला झाले. "बसा. ही चहा करंल. ही बाई कोन आहे मले माहीत नाई, पन चहा चांगला करते."

आतल्या दारात सुशिलाबाई उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं होतं. भागीरथाला पाहून त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि काही न बोलता स्वयंपाकघराकडे वळल्या. भागीरथा त्यांच्यामागे गेली.

त्यांनी गॅस पेटवून चहा ठेवला.

"पैशासाठी आल्या का?"

"पैसे सेठजीचे आहेत. मी इचारायले आली."

"काय इचारता? दिसलं नाई का तुमाले?"

"दिसलं. पन तुमच्या तोंडून ऐका वाटते. आरसा कायले झाकला होता?"

सुशिलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. दार सोडून ही आरशाबद्दल विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. मग त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या, आणि भागीरथाही बसली.

"त्यात त्याइले दुसराच मानूस दिसते. म्हनतेत, तो बाप्या मले पाहून राहिला, त्याले भायेर काढ. घरचे आरसे तर म्या कधीचेच काढले. तिथं गेल्यावर ध्यानात नाई आलं. संध्याकाळी बाथरूमले गेले अन् कडी लावली. आत तो मानूस. अन् कडी कशी उघडा लागते तेच आठवे ना. रडून राहिले होते, ताई. पन्नास वर्सांत म्या त्याइले रडताना नाई पाह्यलं. तुमच्या सैपाकघरातल्या मोठ्या बत्त्यानं ठोकून ठोकून दार उघडलं."

"त्या संध्याकाळी मी दुकानात गेली असन, पन आल्यावर तरी मले आवाज द्यायचा. मी मांगच तर राहतो."

"काय म्हनून देऊ आवाज?"

चहा उकळून वर आला. भागीरथानं उठून गॅस बारीक केला.

"अन् पोराले काऊन नाई सांगितलं?"

"रोशनले मालूमच नाई. फोनवर दोन मिनिटं बोलतेत, तेवढं निभावते. जेवले का, तब्येत कशी, हो, बरी. कळलं का तो घेऊन जाईन पुन्याले. सातव्या माळ्यावर. इथं निदान नहर मालूम आहे, गल्ली मालूम आहे. चुकले तर लोक आनून सोडतेत. तिथं काय आहे त्याइच्या ओळखीचं?" त्या थांबल्या. "दाराचा फोटो आला तवा तो म्हने, आई, हे कसं झालं? माह्या तोंडून निंघून गेलं, का आधीच होतं. तुमच्यावर येईन असं नाई वाटलं."

बाहेरून शालीकराम कोणाला तरी पाणी सोडायच्या पाळीची वेळ समजावत होते. बाहेर कोणी नव्हतं.

भागीरथाला खरं तर उठायला हवं होतं. शेवटची गाडी गाठायची होती. पण तिच्या मनातलं एक अजून शिल्लक होतं.

"नवेगावले कायले आनलं होतं त्याइले?"

"पयली नोकरी तिथलीच. कालवा निरीक्षक होते. लग्न करून म्या तिथंच आली, नहराच्या कॅम्पात. म्हटलं, तो मुलूख पाहून काही येईन का ध्यानात."

"आलं?"

"नहर ओळखला," सुशिलाबाई म्हणाल्या. "कुठून पानी कुठं जाते, सारं सांगितलं. मी कोन, ते काई नाई."

निघताना सुशिलाबाईंनी तिचा हात धरला. "रोशनले सांगू नका, ताई. सेठले म्हना, दार जुनंच होतं. मी पैसे देतो."

भागीरथानं हात सोडवला नाही. पण ती म्हणाली, "मी कोनाले काई सांगनार नाई. पन म्या तोडलं असं होऊ देनार नाई. माह्याजवळ दुसरं काय आहे? गावातली तीस घरं सोडून सेठजी मले किल्ली देतेत, ते एवढ्यासाठीच." मग जरा थांबून, "अन् एक सांगू? तुमी एकट्यानं किती दारं फोडान?"

सुशिलाबाईंनी तिचा हात सोडला. परतीच्या गाडीत भागीरथाला वाटत राहिलं की शेवटचं बोलायला नको होतं. गोरेगाव गेलं, सडक अर्जुनी गेलं, तरी वाटतच राहिलं.

चंद्रकुमारला तिनं एवढंच सांगितलं की दार मी तोडलं नाही, आणि कोणी तोडलं ते मला विचारू नका. तो चिडला. महिनाअखेरपर्यंत बघतो म्हणाला. भागीरथानं साक्षीला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडं काही काम मिळेल का. साक्षीनं काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाली, असंच.

पण महिना संपायच्या आधीच चंद्रकुमारचाच फोन आला. "अरे, त्या पोराने लिहिलेलं काढलं. उलटं माफी मागितली. कडीचा खर्च घ्या म्हणतो. तू क्या बोली उसको?"

"काहीच नाई."

"फिर?"

"मले नाई मालूम, सेठजी," ती म्हणाली. पण तिला माहीत होतं. त्या दिवशी ती बराच वेळ काम सोडून पायरीवर बसली. फुलचूरच्या त्या स्वयंपाकघरात फोन कानाशी धरून बसलेली बाई तिला दिसत होती. कोणत्या शब्दांत तिनं पोराला सांगितलं असेल?

रोशन पुढच्या आठवड्यात आला. चाळिशीचा, जाड चष्म्याचा, भाड्याच्या गाडीतून एकटाच उतरला. भागीरथाला वाटलं पैशांचं काही असेल. पण तो फाटकातच उभा राहून म्हणाला, "काकू, मी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं होतं."

"मिटलं ना ते. चहा घ्या."

चहा घेऊन तो व्हरांड्यात बसला. नवी कडी लावलेलं दार त्यानं पाहिलं नाही, विचारलंही नाही. आई-बाबांना दिवाळीआधी पुण्याला नेतोय, म्हणाला. डॉक्टर बघून ठेवलाय. आईनं हो म्हटलंय, पण पेरूचं झाड कोण बघेल म्हणते. मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "आई म्हणाली, तुम्ही आरशाचं विचारलं. दुसरं कोणीही विचारलं नसतं म्हणाली." आणि विचारलं, "काकू, ते दोन दिवस बाबा इथं काय करत होते? तुम्ही पाहिलं असेल. मला दहा वर्षांत त्यांच्याबरोबर दोन दिवस मिळाले नाहीत."

इतक्या वर्षांत काय तुटलं याशिवाय तिला कोणी काही विचारलं नव्हतं. भागीरथाला सुरुवात कुठून करावी ते कळेना. मग ती सांगत गेली. सकाळी ते आंघोळ करून बरोबर शर्ट खोचून तयार व्हायचे. उशीखाली त्यांनी धानाची लोंबी ठेवली होती, कुठून आणली कोण जाणे. व्हरांड्यात जेवताना ताटातला भात बोटानं वळवून त्याचे बांध करायचे आणि मधून वरण सोडायचे. दोन्ही दिवस बाई त्यांच्या मागे मागे, हातात त्यांची टोपी घेऊन. आणि सकाळ-संध्याकाळ नहरावर.

"कुठे नहरावर?"

ती त्याला घेऊन गेली. बंगल्यामागून शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, दोघं चालत गेले. कालवा भरून वाहत होता, दोन्ही बाजूंना धान कमरेइतकं आलं होतं. पाणी वळवायची लोखंडी फळी होती तिथं भागीरथा थांबली.

"इथं. चप्पल काढून उभे राहत. हात असे मांगं."

रोशननं बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि सिमेंटच्या कठड्यावर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं. मग त्यानं ते मागं घेतले.

भागीरथा धुऱ्यावरून थोडी मागं सरली आणि बांधावर बसून राहिली.