डाव्या हाताची जागा

बुधवारी सकाळी अकरा वाजता सोजरबाईंचं हळदीचं गाणं घरच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा रेकॉर्ड झालं. ऐकून पाहिलं तर गाण्याखाली एकसारखी घरघर होती आणि तिच्यामागे, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा सोजरबाईंचा आवाज.

येत्या सोमवारी त्यांचं नागपूरला ऑपरेशन होतं. गळ्यात गाठ होती. आवाजाची नस गाठीला चिकटून जाते, त्यामुळे आवाज आहे तसा राहील, घोगरा होईल की बसेल, हे आधी सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नात हर्षालीचं लग्न वैशाखात ठरलेलं. तिच्या हळदीला मीच गाणार, हे सोजरबाई ती पाळण्यात होती तेव्हापासून सांगत आल्या होत्या. डॉक्टर वैशाखापर्यंत थांबायला तयार नव्हते. तेव्हा आवाज आत्ताच भरून ठेवायचा, असं हर्षालीनं ठरवलं.

कॉम्प्युटर लॉकडाऊनमध्ये तिच्याच अभ्यासासाठी घेतलेला. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या जैनथ मंडलातल्या त्यांच्या गावात तेव्हा मोबाइलला कधी रेंज मिळे, कधी नाही, म्हणून तिचे वडील देवानंद यांनी वायर ओढून घरात इंटरनेट आणलं होतं. त्या वर्षी अर्ध्या गल्लीची मुलं या घरात शाळा शिकली. आता हर्षाली आदिलाबादच्या कॉलेजात होती आणि कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा कापसाचे भाव बघितले जात.

दुपारी बापलेकींनी आधी घरघर धरली. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, तरी ती होतीच. देवानंदला घराच्या अर्थिंगचा संशय आला, ते त्याच्या लग्नाआधीचं होतं. त्यानं मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात मीठ आणि कोळसा टाकला आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. चंपतराव, म्हणजे सोजरबाईंचे मालक, ओसरीत बाजेवर बसून हे बघत होते.

"आता विजेलेही पानी पाजून राह्यले," ते म्हणाले.

घरघर बरीच कमी झाली. माइकची वायर विजेच्या वायरीपासून लांब नेल्यावर जी उरली होती तीही गेली. विहिरीच्या तळाचं कारण हर्षालीला संध्याकाळी सापडलं. तिनं माइकवर बोटानं टिचकी मारली, पडद्यावरची आवाजाची रेघ हलली नाही. मग कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर मारली, रेघ उसळली. आजी माइकसमोर गात होती आणि कॉम्प्युटर वर टांगलेल्या कॅमेऱ्याच्या कानानं ऐकत होता. तिनं सेटिंग बदललं.

गुरुवारी आवाज जवळ आला, पण घुमायला लागला. खोली स्लॅबची, खाली फरशी, भिंतीला ऑइल पेंट. देवानंदनं दोन गोधड्या टांगून पाहिल्या. मग त्याला मागची खोली आठवली. भाव पडलेला म्हणून यंदाचा कापूस अजून विकला नव्हता, तो त्या खोलीत छातीएवढा रचलेला होता. कॉम्प्युटर, टेबल आणि माइक तिकडे हलले. दार लावल्यावर त्या खोलीत स्वतःचा श्वास ऐकू येई. सोजरबाईंनी कापसाला पाठ लावली आणि गायला सुरुवात केली.

पयली गं हळद लावा मांडवाच्या मेढीले
दुसरी गं हळद लावा आंगनातल्या गायीले

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच ऐकण्यासारखं निघालं. दीपमाला, देवानंदची बायको, भाकरी थापायची थांबून दारात आली. या घरात ती नवरी होऊन आली तेव्हा याच गाण्यानं तिला हळद लागली होती. गावात त्या काळी कुणाचंही लग्न असो, आदल्या दिवशी सोजरबाईंना बोलावणं येई. पोरं हळदीची वाटी घेऊन पुढे आणि त्या मागे. मांडवात गाणं सुरू झालं की पत्ते खेळणारे पुरुषही पत्ते खाली ठेवत. नंतर आदिलाबादहून डीजे यायला लागला. तेलुगू गाणी, हिंदी गाणी, आणि पोरी पाठ असल्यासारख्या नाचायच्या. बोलावणं कुणी बंद केलं नाही, ते हळूहळू येईनासं झालं.

पण गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्येही एक दोष होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज बुडत होता. 'मांडवाच्या' स्वच्छ, 'मेढीले' जवळजवळ नाही. पडद्यावर ओळीमागून ओळ सारखीच दिसे, आधी भरलेली, मग अचानक बारीक झालेली. बाहेरचा गोंगाट आपोआप गाळणारी एक सोय कॉम्प्युटरमध्ये असते, तीच शेवटचे शब्द गोंगाट समजून खात असेल, असं हर्षालीला वाटलं. तिनं ती बंद केली. शब्द बुडतच राहिले.

"माइकच हलका आहे," देवानंद म्हणाला. शुक्रवारी सकाळी तो आदिलाबादला जाऊन नवा माइक घेऊन आला. नव्या माइकनंही तसंच केलं.

तेव्हा हर्षाली पडद्याकडे बघायचं सोडून आजीकडे बघत बसली. ओळ संपत आली की सोजरबाईंची मान डावीकडे वळत होती. दर वेळी, तेवढीच. तिथे कापसाच्या ढिगाशिवाय काही नव्हतं. आजी, समोर बघ, असं तिनं सांगितलं. सोजरबाईंनी मान सरळ ठेवली तर शब्दच अडखळले. चंपतराव दाराशी येऊन उभे होते.

"चाळीस वर्सं हिचा आवाज कमी कर म्हनलं, केला नाही," ते म्हणाले. "आता वाढव म्हनून राह्यले तं कमी करते."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझा आवाज आहे तेवढाच आहे, डबड्यातच काही बिघाड असेल, असं त्यांनी नातीला सांगितलं.

दुपारी हर्षालीला वाटलं, जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघावं. आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट तिनं मागेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. हळदीचा भाग लावला. चित्र पिवळट, रेघा मारलेलं, पण आवाज शाबूत होता. मांडव, मधे पाटावर हडकुळा देवानंद, आणि बायकांच्या घोळक्यात काळ्या केसांच्या सोजरबाई. ओळी शेवटपर्यंत भरलेल्या होत्या. 'मेढीले' उंच, लांब, मांडवाबाहेर जाईल असं.

देवानंदनं ते दोनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा तो पडद्याजवळ वाकला. 'मांडवाच्या' म्हणून त्याच्या आईचे ओठ मिटत होते. 'मेढीले' तिच्या डाव्या हाताला बसलेली बाई म्हणत होती.

"हे तं रुक्माकाकू आहे," तो म्हणाला.

हे गाणं देवानंदनं लहानपणापासून आईचं म्हणून ऐकलेलं. झोपेतही त्यानं ते ओळखलं असतं. त्यातला त्याला सगळ्यात आवडणारा भाग, ओळीच्या शेवटी चढत जाणारा तो बारीक सूर, आईचा कधी नव्हताच.

रुक्माबाई शेजारच्या घरातल्या. मालक वारल्यावर त्या मुलाकडे बेल्लमपल्लीला गेल्या, त्याला खाणीत नोकरी होती. त्या गेल्या तेव्हा हर्षाली दुसरीत होती. त्यानंतर सोजरबाई एकदाही कुणाच्या मांडवात गायल्या नव्हत्या, आणि डीजेमुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गावची रीत सोजरबाईंनी मग सांगितली. हळदीचं गाणं हा आशीर्वाद असतो. एकीनं म्हणायचा आणि दुसरीनं पुरा करायचा. आपण म्हटलेलं आपणच पुरं केलं तर ते नुसतं बोलणं झालं. शेवटचा शब्द आपण तोंडातल्या तोंडात म्हणतो हे मात्र त्यांना कधी कळलं नव्हतं. हर्षाली म्हणाली, मी घेते शेवटचा शब्द. सोजरबाई हसल्या. नवरीनं स्वतःच्या हळदीचा शब्द घ्यायचा नसतो.

मग दीपमाला बसली, डाव्या हाताला. तिला शब्द येत होते, सूरही बरा होता. दोन ओळी झाल्यावर सोजरबाईंनी हात वर केला. त्यांना दम लागला होता.

"बरी म्हनतेस तू, माय," त्या म्हणाल्या. "पन लवकर सोडून देते. रुक्मी शब्द लांबवे, तवा मी श्वास घेवो. श्वास घ्याले जागाच नाही ठेवली तू मले."

त्यांचा हात गळ्याशी गेला होता. गाठीमुळे श्वास आधीच तोकडा पडे.

शनिवारी बेल्लमपल्लीला फोन लावला. रुक्माबाईंनी गाठ केव्हापासून आहे, काय खाते, झोप लागते का, सगळं विचारून घेतलं. मग हर्षालीनं मोबाइल माइकशेजारी ठेवला आणि दोघींना गायला सांगितलं. सोजरबाईंनी ओळ म्हटली, 'मांडवाच्या'शी सोडली. फोनमधून काही आलं नाही. त्यांनी दुसरी ओळ उचलली आणि तिच्यावर 'मेढीले' येऊन आदळलं.

"रुक्मे, तू मागं राहून राह्यली."

"मी कायची मागं? तूच पळून राह्यली. पहिल्यापासूनच पळे तू."

चंपतराव बाहेरून हसले. तीनदा प्रयत्न झाला, तिन्ही वेळा फोन शब्द उशिरा पोचवत होता. रुक्माबाईंचा शब्द तिकडे वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडता येईल, असं हर्षालीनं सुचवलं. रुक्माबाई म्हणाल्या, समोर सोजर नाही तर मी शब्द कोणाचा घेऊ. मग त्यांनीच विचारलं.

"तिचं नेनं कवा आहे?"

"उद्या चार वाजता गाडी आहे, काकू," देवानंद म्हणाला. "रातच्या आत भरती व्हा लागते."

"मंग मी सकाळीच निंघतो. थांबवजो तिले."

रविवारी सकाळी रुक्माबाई सून मयूरीला घेऊन बेल्लमपल्लीहून निघाल्या. आसिफाबादला बस बदलायची, उटनूरवरून गुडीहत्नूर, मग आदिलाबाद. देवानंदच्या हिशेबानं त्या जेवणाच्या वेळेपर्यंत यायला हव्या होत्या. हिशेबात एक गोष्ट राहिली होती. पौष अमावास्या होऊन गेली होती आणि वाटेजवळच्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरली होती. इंद्रवेल्लीच्या अलीकडे-पलीकडे बैलगाड्या, जीपगाड्या, पायी चालणारी माणसं. मयूरीनं दुपारी फोनवर सांगितलं की बस माणसांच्या मागे माणसांच्याच चालीनं चालली आहे आणि सासूबाई खिडकीशी बसून गुणगुणत आहेत.

सोजरबाईंची आंघोळ, जेवण, पिशवी भरणं सगळं उरकलं होतं. त्या कापसाच्या खोलीत जाऊन बसल्या. आपल्या डाव्या हाताला त्यांनी पोतं चौघडी करून अंथरलं. हर्षालीनं माइक दोघींच्या मधे येईल असा सरकवला, रेघ हलते का ते पाहिलं, पंखा बंद केला. अर्थिंगच्या खड्ड्यात चंपतरावांनी न सांगता बादलीभर पाणी ओतलं.

तीनच्या सुमारास मयूरीचा फोन आला, बस गुडीहत्नूरहून सुटली. देवानंदनं गावातली एक ऑटो घेतली आणि तो त्या दोघींना आणायला आदिलाबादच्या बसस्टँडवर गेला. नागपूरची गाडी वेळेआधी येऊन दारात उभी होती. ड्रायव्हर चहा पिऊन झाला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, चारला निघालं नाही तर हॉस्पिटलची भरतीची वेळ टळेल आणि उद्याचा नंबर जाईल. दीपमालानं पिशवी गाडीत ठेवली.

चार वाजले. ड्रायव्हरनं गाडी वळवून तोंड रस्त्याकडे केलं. हर्षाली आत गेली आणि आजीला म्हणाली, वेळ झाली.

"उठतो मी," सोजरबाई म्हणाल्या. "देवानंदले इचार, रुक्मी कुठवर आली."

हर्षालीनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. बसस्टँडचा गोंधळ आधी आला, तेलुगूतली घोषणा, मग देवानंद. उटनूरची बस आत्ता फलाटाला लागली होती. दार उघडलं होतं, लोक उतरत होते, जत्रेचे लोक, बोचकी, लहान मुलं. रुक्माकाकू त्याला अजून दिसली नव्हती.

सोजरबाई उठल्या नाहीत, डाव्या हाताच्या रिकाम्या पोत्यावर हात ठेवून बसून राहिल्या. ड्रायव्हरनं बाहेर हॉर्न वाजवला. कॉम्प्युटरवर हर्षालीनं आधीच लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग सुरू होतं, त्यामुळे तो हॉर्नही त्यात आला आहे.