न संपणारं तेल

"वहिनी, मी गाडीला नवा कॉम्प्युटर बसवल्यापासून इंजिनाचं तेल थेंबभरही संपलं नाही बघा!" दिराने कौतुकाने बॉनेटवर थाप मारली.

गॅरेज चालवणारी वहिनी मात्र चपापली. गाडीचं इंजिन रोटरी होतं. त्यात पिस्टन नसतात, दोन तिकोनी रोटर फिरतात. त्यांच्या टोकांवरच्या, फट बंद ठेवणाऱ्या सीलना एक छोटा पंप तेल पाजतो आणि ते तेल पेट्रोलबरोबर जळून जातं.

"भावजी, लेकरू जेवेना म्हणून धान्य उरलं, तर पेढे वाटाल का?"

दिराचा चेहरा उतरला. वडिलांनी चालवलेली ही गाडी. "सील गेले असतील का हो?"

"आधी पंपाला विचारू." तिने इंजिन सुरू केलं. पंपाच्या पारदर्शक नळीत एक बुडबुडा ढिम्म बसला होता. गाडीच्या नव्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून पाहिलं, तर पंपाने किती तेल सोडायचं त्या तक्त्यात सगळीकडे शून्य. मागणाराच गप्प, तर देणारा काय देणार? तिने आकडे भरले. दोघं नळीवर वाकले. बुडबुडा थरथरला आणि हळूहळू सरकू लागला.

"आता सील." इंधन बंद करून तिने स्पार्क प्लग काढला. दिराने आत बसून स्टार्टर फिरवला. प्लगच्या भोकातून हवा सुटली: फस्, फस्, फस्. एखादा सील गेला असता, तर एखादा सुस्कारा दुबळा आला असता. तिने दुसऱ्या रोटरचीही तशीच परीक्षा घेतली.

"सगळे सारखे आहेत. वाचली तुमची गाडी."

दीर टुणकन खाली उतरला. "वहिनी, आता तुम्ही स्टार्टर फिरवा. ते सुस्कारे मला ऐकू द्या."